वाचक विचारतात : फुटबॉलपटूंची टोकाची राजकीय मते आणि क्लबांची जबाबदारी

मागील अंकात याच सदरात तुर्कस्तानचा बचावपटू मेरिह देमिराल याच्यावरील बंदीविषयी एक छोटे टिपण दिले होते. २ जुलै २०२४ रोजी लाइपझिग येथे युरो स्पर्धेच्या बाद फेरीत त्याने ऑस्ट्रियाविरुद्ध दोन गोल केले, तुर्कस्तान २-१ असा जिंकला, आणि दुसऱ्या गोलनंतर त्याने दोन्ही हातांच्या बोटांनी लांडग्याच्या तोंडाची खूण केली. ही खूण ‘ग्रे वुल्व्ह्ज’ या तुर्की अतिराष्ट्रवादी चळवळीची म्हणून ओळखली जाते. ऑस्ट्रियात तिला कायद्याने मनाई आहे, जर्मनीत नाही. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने देमिरालला दोन सामन्यांसाठी बाहेर बसवले आणि पुढच्याच सामन्यात नेदरलँड्सकडून हरून तुर्कस्तान स्पर्धेबाहेर पडला. त्या टिपणावर आलेली पत्रे इतकी विचारपूर्वक लिहिलेली आहेत की या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात पेठापेठांचे आणि तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर इरेला पेटून सामने होतात आणि खेळाडूही गोल केल्यावर भान हरपतात. देमिरालनेही आनंदाच्या भरात हाताने एक खूण केली, एवढेच ना? खेळाडू हाही नागरिक आहे. त्याचे मत आपल्याला पटत नाही म्हणून त्याला खेळू न देणे न्यायाला धरून आहे काय? आपण त्याचा खेळ पाहावा, त्याच्या मताशी आपल्याला काय कर्तव्य?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. खेळाडू कोणाला मत देतो, घरात कोणाची तसबीर लावतो, कोणत्या पक्षाला देणगी देतो, याची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही क्लबला किंवा महासंघाला असू नये. एसी मिलानचा गोलरक्षक क्रिस्तियान अब्बियाती याने २००८ मध्ये एका मुलाखतीत फॅसिझममधील काही मूल्ये, विशेषतः शिस्त आणि सुव्यवस्था, आपल्याला भावतात असे सांगितले आणि त्याच वेळी मुसोलिनीचे वंशभेदी कायदे व हिटलरशी केलेली युती आपल्याला अमान्य असल्याचेही स्पष्ट केले. त्याच्यावर टीकेची झोड उठली, पण तो पुढे २०१६ पर्यंत मिलानकडूनच खेळला. मला त्याचे विचार धोकादायक वाटतात. तरीही त्याला खेळू दिले हे योग्यच झाले असे मी म्हणेन, कारण जे बोलायचे ते तो स्वतःच्या नावाने, मैदानाबाहेर, वाद घालता येईल अशा शब्दांत बोलला होता.

मैदानावरच्या खुणेचे तसे नसते. तिथे अंगात देशाची किंवा क्लबची जर्सी असते, समोर हजारो माणसे असतात, आणि खुणेला उलट प्रश्न विचारण्याची सोय कोणालाच नसते. १९ नोव्हेंबर २०१३ चे झाग्रेब आठवा. क्रोएशियाने आइसलँडला २-० असे हरवून विश्वचषकाचे तिकीट मिळवले होते. सामना संपल्यावर बचावपटू योसिप शिमुनिच हातात ध्वनिक्षेपक घेऊन मैदानात उतरला आणि ‘मातृभूमीसाठी’ अशी आरोळी त्याने पुनःपुन्हा दिली. प्रेक्षागृहातून ‘सज्ज’ असा प्रतिसाद येत राहिला. १९४१ ते १९४५ या काळात क्रोएशियात नाझींच्या आश्रयाने सत्तेवर असलेल्या उस्ताशा राजवटीची ही सलामी होती. यासेनोवात्सच्या छळछावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांच्या कत्तली करणारी ती राजवट होय. शिमुनिच म्हणाला की आपण केवळ देशप्रेम व्यक्त केले. फिफाने त्याच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली आणि कारकिर्दीच्या अखेरीस त्याचा २०१४ चा विश्वचषक हुकला. क्रोएशियातील न्यायालयानेही त्याला दंड केला, तेव्हा तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याची तक्रार घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. २०१९ च्या जानेवारीत त्या न्यायालयाने तक्रार दाखल करून घेण्यासही नकार दिला, आणि नामवंत खेळाडू हा अनेकांचा आदर्श असल्याने आपल्या कृतीचा परिणाम त्याला ठाऊक असायला हवा होता, असे नमूद केले.

तेव्हा आपला ‘मताशी काय कर्तव्य’ हा प्रश्न मी थोडा वळवून विचारेन. शिमुनिचच्या संघाचा पाठीराखा असलेला, पण ज्याच्या आजोबांना यासेनोवात्समध्ये मारले गेले असा एखादा क्रोएशियन नागरिक त्या रात्री प्रेक्षागृहात असेल, तर त्याने काय करायचे होते? ‘सज्ज’ म्हणायचे होते, की उठून घरी जायचे होते? राष्ट्रीय संघ त्याचाही होता. खेळाडूला मिळालेला ध्वनिक्षेपक त्या संघाच्या नावावर मिळाला होता, आणि बंदीचे समर्थन मी या एका कारणासाठी करतो. देमिरालच्या बाबतीत दोन सामने अधिक झाले की कमी, यावर मतभेद होऊ शकतात. त्याची खूण शिमुनिचच्या आरोळीइतकी थेट नाही, आणि तुर्कस्तानात ती करणारे अनेक जण तिला केवळ राष्ट्राभिमानाची खूण मानतात, हेही खरे आहे. पण युएफाने त्या खुणेकडे कानाडोळा करायला हवा होता, हे मला पटत नाही.

प्रश्न : आम्ही गेली अनेक वर्षे इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो. पाओलो दि कानिओ संडरलंडचा व्यवस्थापक झाला तेव्हा येथे उठलेले काहूर आम्ही पाहिले आहे. मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की त्या माणसावर अन्याय झाला. त्याने संडरलंडमध्ये कोणतीही सलामी दिली नव्हती. जे काही झाले ते आठ वर्षांपूर्वी इटलीत झाले होते. माणूस बदलू शकतो, हे आपण मानतो ना? मग जुनी मढी उकरून काय साधले?
— एक वाचिका, ईशान्य इंग्लंड

उत्तर : ज्यांना ही हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. दि कानिओ हा रोममधील क्वार्तिच्चोलो या कामगार वस्तीत वाढलेला, लाझिओ क्लबच्या कट्टर समर्थकांमध्ये लहानपणापासून वावरलेला, अत्यंत गुणी आणि तितकाच तापट खेळाडू. १९९८ मध्ये त्याने मैदानात पंचाला ढकलून पाडले आणि त्यासाठी त्याला अकरा सामने बाहेर बसावे लागले. त्याच माणसाने २००० च्या डिसेंबरमध्ये एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडलेला पाहून, गोल करण्याची संधी समोर असताना, चेंडू हातात पकडून खेळ थांबवला आणि त्याबद्दल फिफाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार मिळवला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने मुसोलिनीला लोकांनी नीट समजून घेतले नाही असा सूर लावला. दंडावर मुसोलिनीच्या ‘दुचे’ (नेता) या पदवीचे लॅटिन रूप गोंदवून घेतले. ६ जानेवारी २००५ रोजी रोमाविरुद्धच्या सामन्यानंतर आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिव्होर्नो व युव्हेंटस यांच्याविरुद्धच्या सामन्यांत त्याने प्रेक्षकांकडे पाहून उजवा हात ताठ उंचावत फॅसिस्ट सलामी दिली. आपण फॅसिस्ट आहोत, वंशद्वेष्टे नाही, असे तो त्या काळात म्हणाला होता. शिक्षा झाली ती एका सामन्याची बंदी आणि दहा हजार युरो दंड.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माणूस बदलतो, हे मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच ३१ मार्च २०१३ च्या नेमणुकीनंतरच्या चार दिवसांकडे बारकाईने पाहणे मला महत्त्वाचे वाटते. संडरलंडच्या लोकांनी दि कानिओकडे मागितले ते फारच थोडे होते. त्याने राजीनामा द्यावा असे म्हणणारे होते, पण पुष्कळांचे म्हणणे इतकेच होते की त्याने आपली आजची भूमिका स्पष्ट शब्दांत सांगावी. डरॅम कॅथीड्रलचे तत्कालीन डीन मायकेल सॅडग्रोव्ह हे संडरलंडचे चाहते; त्यांची आई जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेली ज्यू स्त्री. त्यांनी दि कानिओला जाहीर पत्र लिहिले आणि त्याने फॅसिझमचा स्पष्ट त्याग करावा अशी विनंती केली. त्या पत्राचा सूर धमकीचा नव्हता. तरीही पहिल्या पत्रकार परिषदेत दि कानिओने त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले. आपण संसदेत नाही, आपण फुटबॉलविषयी बोलू, अशी त्याची भूमिका होती. दबाव वाढल्यावर ३ एप्रिलला क्लबमार्फत निवेदन आले की आपण राजकीय व्यक्ती नाही, वंशद्वेष्टे नाही आणि फॅसिझमच्या विचारसरणीचे समर्थन करत नाही. जे एका वाक्यात पहिल्याच दिवशी सांगता आले असते ते वदवून घ्यायला इतके दिवस लागले. जुनी मढी लोकांनी उकरली असे आपण म्हणता. मला वाटते की त्यांच्यावर माती घालण्याची संधी ज्याच्या हातात होती त्यानेच ती दवडली.

मात्र माझा मुख्य आक्षेप दि कानिओवर नाही, क्लबच्या चालकांवर आहे. त्यांना कोणी काही अंधारात ठेवले नव्हते. सलामीची छायाचित्रे जगभर छापली गेली होती, आत्मचरित्र दुकानांत विकले जात होते, आणि २०११ मध्ये स्विंडन टाउनने दि कानिओला व्यवस्थापक नेमले तेव्हा जीएमबी या कामगार संघटनेने त्या क्लबचे प्रायोजकत्व याच कारणासाठी मागे घेतले होते. संडरलंडच्या संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड उपाध्यक्ष होते, ज्यांचे वडील १९४० मध्ये बेल्जियममधून नाझींच्या हातून निसटून इंग्लंडला आले आणि ज्यांची आई पोलंडमधील ज्यूंच्या संहारातून वाचलेली. नेमणूक जाहीर होताच त्यांनी नव्या व्यवस्थापकाची पूर्वीची राजकीय वक्तव्ये हे कारण देऊन पद सोडले. इतके सगळे समोर असताना क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी या आरोपांनी आपल्या व्यवस्थापकाचा आणि क्लबचा अपमान होत असल्याचे निवेदन काढले. वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात ते हेच. साखळीतील शेवटचे सात सामने उरले होते, क्लबच्या मानगुटीवर खालच्या श्रेणीत घसरण्याचे भूत बसले होते, आणि कोणीतरी संघाला हलवून जागे करील एवढ्याच हिशेबाने ही निवड झाली होती, हे उघड आहे.

आपण त्या भागात राहता, म्हणून एका गोष्टीची आठवण मुद्दाम करून देतो. संडरलंडचे ‘स्टेडियम ऑफ लाइट’ मंकवेअरमाउथच्या कोळसा खाणीच्या जागेवर उभे आहे. डरॅमच्या कोळसापट्ट्यातील ही शेवटची खाण. ती १९९३ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि १९९७ मध्ये त्याच भूमीवर स्टेडियम उघडले. खाणीच्या अंधारातून पाळी संपवून उजेडात येणाऱ्या माणसांची आठवण त्याच्या नावात आहे, आणि बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचे मोठे स्मारक आहे. वेअरमाउथच्या खाणकामगार शाखेचे निशाण या स्टेडियममध्ये मांडलेले होते. डरॅमच्या कामगार शाखांची ही निशाणे म्हणजे चित्रे रंगवलेली भलीमोठी रेशमी फलके. प्रत्येक शाखेचे निशाण वेगळे, आणि दर जुलैमध्ये भरणाऱ्या डरॅमच्या मेळाव्यात ती वाजतगाजत मिरवली जातात. दि कानिओची नेमणूक झाली तेव्हा डरॅम मायनर्स असोसिएशनने क्लबला कळवले की हे निशाण आम्हाला परत द्या. संघटनेचे सरचिटणीस डेव्ह हॉपर स्वतः वेअरमाउथच्या खाणीत काम केलेले. डरॅमच्या खाणींतून स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांशी लढायला स्वयंसेवक गेले होते, काही परतले नाहीत. आणि संडरलंडवर, तिथल्या जहाजबांधणीमुळे, दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी बाँब टाकले होते. अशा गावात ‘आठ वर्षांपूर्वी इटलीत झाले’ हे उत्तर कसे पुरेल? निशाण परत मागणाऱ्यांनी कोणाची खिडकी फोडली नाही, कोणाला धमकावले नाही. आमच्या बापजाद्यांची खूण आणि ही नेमणूक एका छपराखाली राहू शकत नाहीत, एवढेच त्यांनी सांगितले. निषेधाचा याहून सभ्य प्रकार मला माहीत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १४ एप्रिलला संडरलंडने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवले, दि कानिओ सुटाबुटात मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर घसरला, आणि वृत्तपत्रांची शीर्षके बदलली. संघ सतराव्या क्रमांकावर राहून वाचला. सप्टेंबरमध्ये पराभव साचले, खेळाडूंनी त्याच्या वागणुकीबद्दल व्यवस्थापनाकडे गाऱ्हाणे नेले आणि २२ सप्टेंबर २०१३ रोजी, अवघ्या तेरा सामन्यांनंतर, त्याला काढून टाकण्यात आले. विजयाने ज्या प्रश्नावर पडदा पडला होता तो पराभवानंतरही कोणी पुन्हा उघडला नाही. २०१६ मध्ये इटलीतील एका क्रीडावाहिनीवर तो आखूड बाह्यांच्या कपड्यांत दिसला, दंडावरचे गोंदण प्रेक्षकांनी पाहिले आणि वाहिनीला माफी मागून त्याचा कार्यक्रम थांबवावा लागला. ते गोंदण त्या वाहिनीच्या लोकांनी आधी पाहिलेच नव्हते, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

प्रश्न : उजव्या विचारांच्या खेळाडूने हात उंचावला की गदारोळ होतो, पण लिव्होर्नोचा क्रिस्तियानो लुकारेल्ली गोल केल्यावर मूठ आवळून साम्यवादी सलामी देत असे, त्याचे मात्र कौतुक झाले. हा दुटप्पीपणा नव्हे काय? स्टॅलिनने मारलेली माणसे माणसे नव्हती काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : स्टॅलिनने मारलेली माणसेही माणसेच होती, आणि लिव्होर्नोच्या प्रेक्षागृहात स्टॅलिनची चित्रे झळकत तेव्हा ती झळकवणाऱ्यांना मी दि कानिओच्या सलामीला टाळ्या पिटणाऱ्यांइतकेच दोषी धरतो. ज्यांचे आप्त युक्रेनच्या दुष्काळात किंवा सैबेरियाच्या छावण्यांत मेले, त्यांना त्या चित्राकडे पाहून काय वाटेल, हा प्रश्न झाग्रेबच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

परंतु लुकारेल्लीचे कौतुकच झाले, हे तुमचे विधान तपासून पाहा. १९९७ मध्ये एकवीस वर्षांखालील इटालियन संघाकडून खेळताना, लिव्होर्नोतच मोल्दोव्हाविरुद्ध गोल केल्यावर त्याने जर्सी वर करून आतला चे गेव्हाराचे चित्र असलेला शर्ट दाखवला, आणि त्यानंतर राष्ट्रीय संघाची दारे त्याला कैक वर्षे बंद राहिली. दुसरे असे की इटलीच्या बाबतीत तेथील राज्यघटनेला विसरून चालत नाही. फॅसिस्ट पक्षाच्या पुनर्स्थापनेला तिथे राज्यघटनेनेच मनाई केली आहे, आणि ज्या घटनासमितीने ती मनाई लिहिली तीत ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांबरोबर साम्यवादीही बसलेले होते. लिव्होर्नो हे १९२१ मध्ये इटालियन साम्यवादी पक्ष जिथे स्थापन झाला ते गाव. त्या पक्षाने पुढे अनेक दशके निवडणुका लढवल्या, हरल्या आणि निकाल मान्य केले. मुसोलिनीच्या राजवटीने निवडणुकाच मोडीत काढल्या. मूठ आणि ताठ हात यांना इटलीत एकाच तागडीत न तोलण्यामागे हा इतिहास आहे. पोलंड किंवा लॅटव्हिया येथे याच मुठीचा अर्थ फार वेगळा लागेल, आणि तिथल्या लोकांना लिव्होर्नोचा इतिहास सांगून गप्प बसवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न : मी मडगावजवळ मुलांना फुटबॉल शिकवतो. ग्रीसच्या योर्गोस कातिदिसला एका खुणेसाठी जन्मभर राष्ट्रीय संघातून बाद केले, असे वाचले. वीस वर्षांचा मुलगा तो. इतकी कठोर शिक्षा योग्य होती काय?
— एक प्रशिक्षक, गोवा

उत्तर : माझ्या मते नव्हती. पण ती का झाली हे समजून घेतल्याशिवाय तिला नावे ठेवणेही बरोबर नाही. १६ मार्च २०१३ रोजी अथेन्समध्ये एइके संघाकडून वेरियाविरुद्ध विजयी गोल केल्यावर कातिदिसने जर्सी काढली आणि नाझी सलामी दिली. नंतर तो म्हणाला की आपण प्रेक्षागृहातील जखमी सहकाऱ्याकडे हात करत होतो, आपल्याला त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याचे जर्मन प्रशिक्षक एवाल्ड लीनेन यांनी त्याची बाजू घेतली. या पोराला राजकारणाची काही कल्पना नाही, असे त्यांचे म्हणणे. ग्रीक महासंघाने दुसऱ्याच दिवशी निकाल लावला. तेव्हाचा ग्रीस कर्जाखाली पिचलेला होता, ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष २०१२ च्या जूनमध्ये अठरा जागा जिंकून संसदेत बसला होता आणि त्याचे लोक रस्त्यांवर स्थलांतरितांना मारहाण करत होते. १९४१ ते १९४४ च्या नाझी ताब्यात अथेन्समध्ये माणसे उपासमारीने रस्त्यांवर मेली, हे पाहिलेले वृद्ध अजून हयात होते. त्यात एइके हा क्लब १९२४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून परागंदा झालेल्या निर्वासितांनी स्थापन केलेला. अशा क्लबच्या जर्सीत, अशा काळात, ती खूण झाली.

तरीही जन्मठेपेसारखी शिक्षा देऊन महासंघाने आपली सुटका करून घेतली, असे मला वाटते. वीस वर्षांच्या तरुणाला, जो वर्षापूर्वीपर्यंत देशाच्या तरुण संघाचे नेतृत्व करत होता, ही खूण काय आहे हे कोणी कधी सांगितलेच नसेल, तर दोष त्याला घडवणाऱ्या अकादमींकडेही जातो. ठरावीक मुदतीची बंदी आणि त्या मुदतीत उपासमारीतून वाचलेल्या वृद्धांना भेटण्याची सक्ती, अशी शिक्षा मी सुचवली असती. आपण मुलांना शिकवता, म्हणून एक विनंती. गोल केल्यावर काय करायचे हे मुले पडद्यावर पाहून उचलतात. त्यातल्या कोणत्या खुणा कोठून आल्या आहेत हे त्यांना सरावानंतरच्या दहा मिनिटांत अधूनमधून सांगत चला. खेळाचा तास त्याने वाया जाणार नाही.

प्रश्न : रोमानो फ्लोरियानी मुसोलिनी हा हुकूमशहाचा पणतू इटलीत व्यावसायिक फुटबॉल खेळतो. त्याला खेळू द्यावे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य. त्याने कोणतीही सलामी दिलेली नाही, आणि पणजोबांच्या गुन्ह्यांची शिक्षा पणतूला देणे हा शुद्ध अन्याय होईल. २०२४ मध्ये युव्हे स्ताबियाकडून त्याने गोल केला तेव्हा त्याचे आडनाव पुकारले जात असताना प्रेक्षकांपैकी काहींनी हात ताठ उंचावले. त्याचा जाब त्या प्रेक्षकांना विचारायचा.

प्रश्न : खेळात राजकारण आणू नये हा साधा नियम सर्वांनी पाळला तर हे सारे वादच मिटतील, असे आपल्याला वाटत नाही काय?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : नियम साधा दिसतो, पण इतिहासात तो मोडला कोणी हे पाहिले की मन साशंक होते. १४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्यापूर्वी इंग्लंडच्या संपूर्ण संघाने, स्टॅन्ली मॅथ्यूजसह, नाझी सलामी दिली. हिटलरने ऑस्ट्रिया गिळून तेव्हा दोनच महिने झाले होते. खेळाडूंना ते नको होते; ब्रिटिश राजदूत आणि फुटबॉल असोसिएशनचे अधिकारी यांनी राजनैतिक सौजन्य म्हणून ते करायला लावले. इंग्लंड ६-३ असे जिंकले, पण आठवण राहिली ती छायाचित्राची. म्हणजे राजकारण मैदानात आणले ते ‘खेळात राजकारण नको’ असे एरवी सांगणाऱ्या वरिष्ठांनीच.

याच्या उलट एक छायाचित्र आहे, ते आपण जरूर शोधून पाहा. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स येथे नव्या स्टेडियमचे उद्घाटन झाले. फिओरेंतिनाचे खेळाडू ओळीने उभे आहेत, सर्वांचे उजवे हात फॅसिस्ट पद्धतीने वर गेले आहेत, आणि त्या ओळीत एका खेळाडूचे हात मात्र खाली आहेत. तो ब्रूनो नेरी. मूळचा फाएन्झाचा. पुढे तो इटलीच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला, युद्धकाळात प्रतिकार चळवळीत सामील झाला आणि १९४४ च्या जुलैमध्ये अपेनाइन्सच्या डोंगरात जर्मन सैनिकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. फाएन्झाच्या स्टेडियमला आज त्याचे नाव आहे. ‘खेळात राजकारण नको’ हा नियम अक्षरशः लावला तर नेरीलाही दोषी धरावे लागेल, कारण सर्वांचे हात वर असताना हात खाली ठेवणे हेही राजकीयच होते. मला असा नियम नको आहे. पंचांना आणि महासंघांना प्रत्येक वेळी त्या खुणेचा अर्थ, जागा आणि काळ पाहून निर्णय द्यावा लागेल. ते कष्टाचे काम आहे, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

प्रश्न : एखाद्यावर ‘नाझी’ असा शिक्का मारला आणि तो खोटा निघाला तर? समाजमाध्यमांच्या काळात हे सहज घडू शकते.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपली भीती रास्त आहे. युक्रेनचा रोमान झोझुल्या २०१६ मध्ये स्पेनमधील रेआल बेतिस क्लबकडे आला, तेव्हा त्याच्या अंगातील शर्टावरील चिन्ह उजव्या अतिरेकी संघटनेचे असल्याची चर्चा सुरू झाली. वस्तुतः त्यावर युक्रेनचे राजचिन्ह आणि कवी शेवचेंको यांच्या ओळी होत्या. जानेवारी २०१७ च्या अखेरीस तो रायो वायेकानो या माद्रिदच्या कामगार वस्तीतील क्लबकडे उसना गेला, आणि तेथील डाव्या विचारांच्या चाहत्यांनी सरावाच्या मैदानावरच त्याला विरोध केला. एकही सामना न खेळता त्याला परतावे लागले. चाहते त्याच्या समाजमाध्यमांवरील काही छायाचित्रांकडे बोट दाखवत होते. तो म्हणत होता की आपण केवळ देशाच्या सैन्याला आणि युद्धाने होरपळलेल्या मुलांना मदत केली, नाझी विचारांशी आपला संबंध नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तो अल्बासेते या दुसऱ्या स्पॅनिश क्लबकडून रायोच्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांच्या ‘नाझी’ अशा घोषणांमुळे सामना मध्यंतराला थांबवण्यात आला. क्लबला दंड झाला.

या प्रकरणात चाहत्यांची बाजू मला कमकुवत वाटते. दि कानिओने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, शिमुनिचने ध्वनिक्षेपक हातात घेतला होता. झोझुल्याच्या बाबतीत आधी एका शर्टाचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि मग त्या अर्थाला जुळणारी छायाचित्रे शोधली गेली. फॅसिझमविरुद्ध उभे राहणाऱ्यांनी पुराव्याबाबत अधिक काटेकोर असायला हवे, कारण ऐकीव माहितीवर माणसाला देशद्रोही ठरवणे ही ज्यांची कार्यपद्धती होती त्यांच्याविरुद्धच तर ही लढाई आहे. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या आयोगाने निकोला अनेल्काच्या बाबतीत हा काटेकोरपणा दाखवला. डिसेंबर २०१३ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून गोल केल्यावर त्याने ‘कनेल’ ही ज्यूविरोधी मानली जाणारी खूण केली. त्याला पाच सामन्यांची बंदी आणि ऐंशी हजार पौंड दंड झाला, पण तो स्वतः ज्यूद्वेष्टा असल्याचे सिद्ध झालेले नाही, असेही आयोगाने निकालात स्पष्ट लिहिले. कृतीबद्दल शिक्षा, आणि मनाबद्दल जेवढे ठाऊक तेवढेच विधान.

रायो आणि अल्बासेते यांच्यातील राहिलेला उत्तरार्ध जून २०२० मध्ये, महासाथीमुळे प्रेक्षकांविना, खेळवण्यात आला आणि रायोने तो सामना १-० असा जिंकला. झोझुल्यावरील आरोप मात्र ना कोणी सिद्ध केले, ना कोणी मागे घेतले.